ब्रिव्हॉनचा पाऊण किलोमीटर

सातपुते सर कोणत्याही घरात पहिल्यांदा गेले की हातात पाण्याचा पेला येण्याआधी उत्तर दिशा विचारत. यजमानाने खिशातून फोन काढला की त्यांचा चेहरा उतरे. मेलबर्नच्या कडेला वेरिबीत असलेल्या त्यांच्या मुलीच्या घरातली पुढची खोली मी भाड्याने घेतली, त्या दिवशी दोन बॅगा ओढत मी दारात पोचले, तर उंच, किंचित वाकलेला, पांढऱ्या मिशांचा एक माणूस वाट अडवून उभा.

"उत्तर कुठं?"

मी फोन काढला.

"राहू दे," ते म्हणाले आणि माझी जड बॅग उचलून आत चालू लागले. "वैशाली म्हणाली, पुराचं गणित मांडणारी मुलगी येणारे. मी खूश झालो होतो."

मेलबर्नच्या एका कन्सल्टन्सीत मी नद्यांच्या पूरपातळीची मॉडेल तयार करत असे. दोन वर्षांत वरची जागा मिळवायची, नाही तर शहर सोडायचं, असा माझा हिशेब होता आणि त्यात निवृत्त शिक्षकांशी गप्पा मारण्यासाठी वेळ धरलेला नव्हता. सरांना ते मान्य नव्हतं. त्या दोन वर्षांत त्यांनी मला स्वस्थ बसू दिलं नाही, कारण ते स्वतःच कधी स्वस्थ बसत नसत. अर्धं जेवण उभ्याने चाले. बातम्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकल्या जात. फोनवर बोलताना गराजपासून कुंपणापर्यंत आणि कुंपणापासून गराजपर्यंत फेऱ्या चालत. त्या गवतात त्यांच्या चपलांनी खरोखरच एक पायवाट पडली होती. वय अठ्ठ्याहत्तर. पत्नी वारल्यावर ते कायमचे मुलीकडे आले होते. वैशालीताई नर्स, तिच्या शिफ्ट फिरत्या. जावई पश्चिमेकडच्या खाणीवर, तीन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी. नात ईरा पंधरा वर्षांची, आजोबांच्या मराठी प्रश्नांना इंग्रजीत उत्तरं देणारी. अशा घरात या माणसाची अस्वस्थता घड्याळासारखी चालू असे.

नवा माणूस भेटला की सर त्याच्या गावाबद्दल तीन प्रश्न विचारत. पाणी कुठून येतं? वारा कुठून येतो? घाण कुठं जाते? तिसऱ्याचं उत्तर मिळालं की हळूच एक पुरवणी येई : "आणि ती काढणारे कुठं राहतात?"

वेरिबीला त्यांनी हे प्रश्न पहिल्याच आठवड्यात विचारून घेतले होते. हे सगळं बेसाल्टचं सपाट मैदान. "चपाती लाटून ठेवलीय नुसती," ते तक्रार करत. "चढ नाही, उतार नाही. इथल्या पोरांना समोच्च रेषा शिकवायची कशावर?" पण जुन्या इमारतींतला निळसर काळा दगड त्यांनी बोटाच्या पेराने ठोकून पाहिला आणि "हा आमचा चुलतभाऊ," असं जाहीर केलं. मेलबर्नच्या सांडपाण्याचा मोठा भाग वेरिबीजवळ आणून शुद्ध केला जातो, हे कळलं तेव्हा तर ते आनंदाने ईराच्या खोलीत धावले.

"ईरा, आपण मेलबर्नच्या गावकुसाबाहेर राहतो!"

"आजोबा, आय हॅव अ मॅथ्स टेस्ट."

हीच बातमी त्यांनी दिवाळीच्या पार्टीत नव्या घरांचे नवे मालक असलेल्या पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअरवाल्यांना दिली. यजमानांच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं आखडलं. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एक निवृत्त बँक अधिकारी तिथे होते. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन ते सरांजवळ सरकले.

"सातपुते म्हणजे… कुठले आपण?"

"वेरिबीचे."

"तसं नाही हो. मूळचे?"

"मूळचा मी ब्रिव्हॉनचा."

"हे कुठे आलं?"

"फ्रान्समध्ये. मध्य फ्रान्सच्या दक्षिण अंगाला. ल्यूझ नदीच्या काठी."

"अरे वा! तुम्ही फ्रान्समध्ये होतात?"

"छे. अजून गेलो नाही," सर म्हणाले आणि तिथून पुढे वीस मिनिटं त्यांनी त्या गृहस्थाला सोडलं नाही. टेकडीवरचं चर्च, चर्चभोवतीचा तट, तटाच्या पूर्व दरवाजातून थेट पुलावर उतरणारा रस्ता, गुरुवारचा बाजार, मिठाच्या व्यापाऱ्यांची जुनी वाट, हातमोज्यांसाठी असलेली गावाची कीर्ती. श्रीखंड पातळ झालं. बँक अधिकारी "येतो हं" म्हणत खुर्च्यांच्या मागून निसटले.

गाडीत मी खूप हसले. वैशालीताई हसली नाही. सिग्नलला थांबल्यावर आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाली, "तू पुण्यात वाढलीस ना? 'मूळचे कुठले' हे तुला कुणी दोनदा विचारलं नसेल."

सर खिडकीची काच खाली करून वारा कुठून येतोय ते पाहत होते.

ब्रिव्हॉनची हकीकत अशी. सर साताऱ्याकडच्या डोंगरातल्या एका लहान कॉलेजात भूगोल शिकवत. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला मोठ्या प्रमाणावरचे नकाशे लागतात, ज्यांत घर, विहीर, पायवाटसुद्धा दिसते. तसे देशी नकाशे कॉलेजात होते, पण ते प्राचार्यांच्या कपाटात. सरकारी कागद, फाटला तर जबाब कोण देणार, या भीतीने कपाटाची किल्ली कधी सापडत नसे. मग कुठल्याशा ग्रंथालयाने काढून टाकलेल्या गठ्ठ्यात सरांना एक फ्रेंच नकाशा मिळाला. मधल्या घडीवर विरलेला, कडा कुरतडलेल्या. सरांनी तो गावातल्या गुलाबभाई बाइंडरकडे नेला. गुलाबभाईने तो मांजरपाटावर चिकटवून दिला, खाली-वर काठ्या लावल्या आणि बघायला नीट दिसावं म्हणून चारही बाजूंचे समास, त्यांवरच्या अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांसकट, सुबकपणे छाटून टाकले.

त्या एका नकाशावर सरांनी एकतीस वर्षं शिकवलं. जिल्ह्याबाहेर न गेलेली मुलं ब्रिव्हॉनच्या स्टेशनपासून बाजारापर्यंत डोळे मिटून जात. नकाशाच्या बरोबर मध्यावर ल्यूझ नदी एकदम काटकोनात वळते, जरा खाली उतरते आणि पुन्हा पूर्वेला जाते. मुलं त्या जागेला 'गुडघा' म्हणत. सर तिथे भ्रंश शिकवत : जमीन इथं तुटून सरकली, म्हणून नदीही तुटल्यासारखी दिसते. त्याच जागी समोच्च रेषा एकमेकींना चिकटत, म्हणजे तो कडा. वर चर्च, खाली पूल, मध्ये सरळ कडा. पुढे एसटीत कंडक्टर झालेल्या एका विद्यार्थ्याने भरल्या स्टँडवर त्यांना हाक मारली होती, "सर, गुडघ्यापाशी पाणी चढलं का औंदा?" हे सांगताना सर दर वेळी टाळी मागत.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत त्यांचा एक ठरलेला प्रश्न असे. 'या गावातले हलकी कामं करणारे लोक कुठे राहत असतील, ते नकाशात दाखवा.' मुलं तासभर नदीकाठ धुंडाळत. बरोबर उत्तर होतं : बाहेर कुठेच नाही. कड्यामुळे तटाबाहेर वस्तीला जागाच उरत नाही. राहायचं तर सगळ्यांनी आतच राहायचं. हे उत्तर लिहिणाऱ्याला सर पैकीच्या पैकी गुण देत.

शब्दकोश समोर घेऊन ते फ्रेंच शिकले. ब्रिव्हॉनच्या नगरपालिकेला त्यांनी एक पत्र लिहिलं. उत्तरादाखल पर्यटकांसाठीची एक पुस्तिका आणि कुणा जुन्या धर्मगुरूने लिहिलेल्या गावाच्या इतिहासाच्या छायाप्रती आल्या. त्यातून पुस्तक सुरू झालं. 'ब्रिव्हॉन : एका गावाचा भूगोल'. नऊ जाड वह्या, आठ प्रकरणं पुरी, शेवटचं बाकी. सातवं प्रकरण पुस्तकाचा जीव होता. त्याचं नाव 'बाहेर नसलेलं गाव'.

एक गोष्ट मात्र मला खटके. ईरा त्यांना कितीदा म्हणाली, "आजोबा, मी तुम्हाला स्ट्रीट व्ह्यू दाखवते. इट टेक्स टू सेकंड्स." सर आयपॅड पालथा घालत.

"तुझ्या आजीला बघायला गेलो तेव्हाही दोन सेकंदच दाखवली होती. ओळख व्हायला चाळीस वर्षं लागली."

"दॅट्स नॉट द सेम थिंग!"

"उपग्रह वरून बघतो. नकाशा करणारा माणूस पायानं चालतो. मी चालणाऱ्यावर विश्वास ठेवतो."

मी ते त्यांच्या पिढीचं तत्त्व समजले. ज्या चाचणीत आपलं गृहीतक कोसळू शकतं नेमकी तीच चाचणी हा शिस्तीचा माणूस टाळतो आहे, हे माझ्या शिक्षणाने मला तेव्हाच सुचवायला हवं होतं.

मी तिथे राहायला गेल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांचे डोळे बिघडू लागले. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग विरत चालला होता. कडेचं दिसे, समोरचं पुसट होई. वाचता-लिहिता येण्याजोगे महिने आता मोजके आहेत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सरांनी निमूटपणे भिंग असलेला दिवा आणवला आणि मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून अक्षर पकडायची सवय केली. "पुस्तक स्वतःच्या हातानं पुरं करणार," ते म्हणाले. "सांगून लिहवून घेतलेला भूगोल मी वाचलेला आहे. त्याला पाय नसतात."

त्याच सुमारास आमच्या भागातल्या वाचनालयाने ज्येष्ठांसाठी 'माझं गाव' अशी भाषणमाला सुरू केली. देशोदेशींहून इथे आलेल्यांनी आपापल्या गावाबद्दल बोलायचं. सरांनी नाव नोंदवलं आणि गावाच्या रकान्यात ब्रिव्हॉन लिहिलं.

"बाबा, अहो लोक काय म्हणतील?" वैशालीताई वैतागली. "तुमच्या स्वतःच्या गावाबद्दल बोला की! ओढा, डोंगर, सगळं आहे."

"त्या गावात मी राहत नव्हतो," सर म्हणाले. "त्या गावाच्या जवळ राहायचो."

स्लाइड करायचं काम माझ्याकडे आलं. भाषणाला नऊ दिवस होते. एका शनिवारी सकाळी मी नकाशा भिंतीवर टांगून त्याचे नीट फोटो काढले आणि ते आमच्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या भूगोलावर बसवायला घेतले. पद्धत सोपी आहे. चर्च, पूल, स्टेशन, चौक असे ओळखीचे बिंदू दोन्हीकडे टिपायचे. जुना कागद थोडा ताणून घेतला की चार-पाच मीटरच्या फरकाने सगळं जुळतं. इथे जुळेना. डावीकडचे बिंदू बसवले की उजवीकडचे पाऊण किलोमीटर सरकत. उजवीकडचे बसवले की चर्च शेजारच्या द्राक्षमळ्यात जाई. मी तीनदा सगळं पुसून पुन्हा मांडलं. मग नकाशाचे दोन अर्धे वेगवेगळे बसवले. दोन्ही चोख बसले. मध्ये उत्तर-दक्षिण एक रिकामी पट्टी उरली.

गुलाबभाईने विरलेल्या घडीच्या दोन्ही कडा सरळ कापून एकमेकींना भिडवल्या होत्या. दीड सेंटिमीटर कागद गेला होता. त्या प्रमाणावर तो पाऊण किलोमीटर भरतो. काटकोनातला गुडघा हा सांधा होता. भ्रंश नव्हता. पडद्यावरच्या आजच्या नकाशात कडाही नव्हता, टेकडी सावकाश उतरत नदीपर्यंत जात होती आणि त्या उतारावर, तटाच्या बाहेर, नदीतून काढलेल्या एका पाटाच्या दुतर्फा, घरांची एक लांब, दाट, वाकडी वस्ती होती. नाव वाचण्यासाठी मी तो भाग मोठा केला. कातडी कमावणाऱ्यांची गल्ली, असं त्या रस्त्याचं नाव होतं.

मी ते रविवारी सकाळी सांगितलं. वैशालीताईने पोहे केले होते, सर बशी घेऊन उभे होते. कार्यालयात सापडलेल्या चुकीबद्दल अहवाल देतात तसा मी तो दिला : आधी निष्कर्ष, मग पुरावा, मग चुकीचं प्रमाण. लॅपटॉप त्यांच्या बाजूला वळवला. आज मला त्या नीटनेटकेपणाची लाज वाटते.

सरांनी बशी ठेवली. मान तिरकी करून त्यांनी पडद्यावरची ती पट्टी न्याहाळली.

"वारा पश्चिमेचा," ते म्हणाले.

"हो. तिकडे बहुतेक पश्चिमेचाच असतो."

"आणि ही वस्ती पूर्वेला."

"हो."

"गाव पाणी भरतं ते वर. ही खाली."

"हो, सर."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "तिथंच असणार." त्यांनी चपला घातल्या आणि बाहेर पडले.

फोन टेबलावरच होता. तास गेला, दोन गेले. वैशालीताईने आधी शेजारी विचारलं, मग आम्ही गाडी काढली. नदीकाठच्या पायवाटेवर ते सापडले तेव्हा दुपारचे दोन वाजत आले होते. उन्हात, टोपीशिवाय, एका बाकापासून दूरच्या निलगिरीपर्यंत पावलं मोजत चालले होते. झाडाला हात लावून परत फिरत होते. एक जोडपं कुत्रा घेऊन बाजूला थांबलं होतं. "इज ही ऑल राइट, लव्ह?" बाईने वैशालीताईला विचारलं.

"बाबा! अहो काय चाललंय? जीव गेला ना आमचा!"

"पाऊण किलोमीटर म्हणजे किती, ते चालून बघत होतो," सर म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता. "किती घरं बसतात. बरीच बसतात गं."

गाडीत ते मागे माझ्या शेजारी बसले. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते आधीच बोलू लागले होते, समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत.

"माझे आजोबा कातडी कमवायचे. आमची आठ घरं ओढ्याच्या खालच्या अंगाला. वारा गावाकडून आमच्याकडं यायचा. गाव शहाणंच, आधी वारा बघून मग आम्हाला जागा दिलेली. वडिलांनी ते काम सोडलं, मी शिकलो, पण वर्गात माझ्या शेजारचा मुलगा नाकाला हात लावायचा. अंगाला वास नव्हताच तेव्हा. त्याला सवय." मग ते म्हणाले, "कुठल्याही गावाचा नकाशा उघडला की मी आधी आमची घरं शोधतो. सापडतातच. ब्रिव्हॉनमध्ये नाही सापडली. महिनाभर शोधलं, भिंग लावून शोधलं. मग वाटलं, आहे बाबा जगात एक तरी."

"बाबा, आपण ते भाषण कॅन्सल करूया," वैशालीताई स्टीअरिंगवरून म्हणाली. "मी उद्या वाचनालयात फोन करते. नो वरीज म्हणतील ते."

सरांनी ऐकलं नसावं. "हातमोजे," ते म्हणाले. "गावाची कीर्ती कशाची, तर हातमोज्यांची. मीच लिहिलंय, चौथ्या प्रकरणात, दोन पानं. एकतीस वर्षं मुलांना सांगितलं, हातमोजे, हातमोजे. आणि कातडं कमावणाऱ्याच्या नातवानं एकदाही विचारू नये, की चामडं कुठून आलं?" ते माझ्याकडे वळले. "मला विचारायचंच नव्हतं. तू काय माफी मागतेस?"

दोन दिवस त्यांनी वह्यांना हात लावला नाही. फेऱ्याही थांबल्या. ते खुर्चीत बसून राहत आणि त्या घराला ते सहन होईना. ईरा तिच्या खोलीतून उगीच बाहेर येऊन पाणी पिऊन जाई. नववं प्रकरण राहिलं बाजूला, सातवंच गेलं होतं आणि सातव्यावर उभी असलेली बाकीची सगळी पानं. नव्याने लिहायला डोळे पुरणार होते की नाही, हे कुणीच मोठ्याने बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी मी कामावरून लवकर आले, तर जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलेला आणि सरांच्या हातात वैशालीताईची स्वयंपाकघरातली कात्री. त्या नकाशाला हात लावायची ईरालासुद्धा परवानगी नव्हती. ती भिंतीला पाठ लावून उभी होती.

"आजोबा, डोंट. प्लीज."

"धर ती बाजू."

"यू'ल रुइन इट!"

"गुलाबभाईनं आधीच केलंय ते. घट्ट धर."

सांध्यावरून त्यांनी कात्री चालवली. मांजरपाट जाड होता, कात्री दोनदा अडकली, आणि दर वेळी ईराने डोळे मिटले. मग दोन अर्धे त्यांनी एका पांढऱ्या पुठ्ठ्यावर ठेवले, मोजपट्टीने दीड सेंटिमीटर अंतर राखून चिकटवले आणि पातळ निबाचं पेन काढलं. "सांग," ते मला म्हणाले.

मी पडद्यावरून सांगत गेले. पाट कुठे फुटतो, कुठे परत नदीला मिळतो, कुठल्या वळणावर घरं रस्त्याकडे पाठ करून आहेत. सर एकेक रेघ ओढत होते. समोरचं दिसत नसल्यामुळे ते पेनाच्या टोकाकडे न पाहता त्याच्या शेजारी पाहत. ईराला कधी तरी टेस्टचा अभ्यास करायचा असेल. ती गेली नाही. आजोबांची रेघ भरकटायला लागली की "लेफ्ट, आजोबा, थोडं लेफ्ट," असं ती कुजबुजे. अंधार पडायच्या आत नदीचं डावं टोक उजव्याला जाऊन मिळालं, लांबलचक, मंद वळणाने.

"गुडघा गेला," सर म्हणाले. कंडक्टरची आठवण आली असावी, किंचित हसले.

भाषणाला पंधरा-वीस माणसं होती. बहुतेक पांढऱ्या केसांची, चहा-बिस्किटांच्या टेबलाजवळ बसलेली. सरांनी पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवला आणि स्लाइडवर जुना, सांधलेला नकाशा लावायला सांगितला. मग त्यांच्या साताऱ्याच्या इंग्रजीत त्यांनी दहा मिनिटं ब्रिव्हॉनचा भ्रंश शिकवला. इतक्या खात्रीने, हातांनी जमीन तोडून दाखवत, की मला सगळं माहीत असूनही मी त्या कड्याच्या काठावर उभी राहिले. वर चर्च, खाली पूल, आणि बाहेर कुणीच राहत नाही असं एक गाव. लोक माना डोलवत होते. वैशालीताईने माझा हात धरला. तिला वाटलं, बाबा विसरले, किंवा मागे फिरले.

"हे मी एकतीस वर्षं शिकवलं," सर म्हणाले. "हे सगळं खोटं आहे." त्यांनी पुठ्ठा वळवला.

पुढची वीस मिनिटं ते फक्त त्या दीड सेंटिमीटरबद्दल बोलले. चुन्याच्या कुंडात कातडं किती दिवस ठेवतात, केस कशाने खरवडतात, हातांचं काय होतं, हिवाळ्यात पाटाचं पाणी किती थंड असेल. ते ब्रिव्हॉनबद्दल बोलत होते आणि त्यांच्या ओढ्याबद्दलही. दोन्हींतली सीमा कुठे ओलांडली गेली ते मला सांगता येणार नाही. आपल्या आजोबांचं नाव त्यांनी त्या सभेत उच्चारलं. वैशालीताईने ते चारचौघांत पहिल्यांदाच ऐकलं.

शेवटी पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हात वर केला. "तू कधी गेला आहेस का तिकडे, मेट?"

"नाही," सर म्हणाले. "पण गेलो, तर कुठल्या गल्लीत उतरायचं, ते आता मला माहीत आहे."

महिन्याभराने मला सिडनीत वरची जागा मिळाली. पेंडल हिलला स्टेशनजवळ खोली ठरली. निघायच्या दिवशी सकाळी लवकर उठून मी बॅगा बाहेरच्या खोलीत आणल्या, तर सर जेवणाच्या टेबलाशी दिव्याखाली वाकलेले. सातव्या प्रकरणाची जुनी वही बाजूला, नवी वही पुढे. तिचं पहिलं पान कोरं होतं. शीर्षक अजून सुचलं नसावं. अक्षर आता बोटभर उंच झालं होतं, पानावर चार-पाच ओळीच मावत. अशा चालीने किती वह्या लागतील आणि त्यांचे डोळे किती वह्या टिकतील, हा भागाकार माझ्या डोक्यात आपोआप झाला आणि तो मी तिथेच सोडून दिला.

"आमच्याकडं बाभळीची साल वापरायचे, कातडं रंगवायला," वर न पाहता ते म्हणाले. "तिकडं बाभूळ नसणार. कशाची असेल?"

त्या गल्लीबद्दल मी मधल्या काळात थोडं वाचलं होतं. "ओकची, सर."

"ओक," त्यांनी लिहिलं. पेन थांबलं. "मग वास वेगळा असणार. आमच्याइतका उग्र नसेल." थोडा विचार करून त्यांनी स्वतःच मान हलवली. "नाही. चुना तोच, कातडं तेच. फार फरक नसणार."

बाहेर टॅक्सी येऊन थांबली. "येते, सर," मी म्हणाले. त्यांनी डावा हात वर केला, बोलू नको अशा अर्थाने की निरोपाचा, ते कळलं नाही. दार ओढून घेताना मी मागे पाहिलं. मान एका बाजूला कलती करून, डोळ्याच्या अगदी कोपऱ्यातून, ते पुढची ओळ लिहीत होते.